सिमं दोन नेलीस, डोकं घरी ठेवलंस

बस. चहा नंतर मिळेल. आधी ते बिल घडी करून खिशात घाल. आकडा फोनवर ऐकला, तेवढा पुरे झाला. बायकोला अजून सांगितलेला नाहीस म्हणे. मग मीही मोठ्याने उच्चारत नाही.

"बाई, कंपनीने लुटलं." दारातूनच सुरुवात केलीस. अरे, लुटणाऱ्याला निदान कडी तरी काढावी लागते. तू कडी काढलीस, दार सताड उघडलंस, आत दिवा लावून ठेवलास आणि गेलास बर्फ बघायला. आता शिमगा कोणाच्या नावाने? कंपन्या काही वारकरी नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पॅक न घेता परदेशात डेटा वापरला की त्या कातडं सोलतात. पण हे तुला विमानात बसण्यापूर्वी माहीत नव्हतं? माहीत होतं. म्हणून तर प्रवासाचं ई-सिम विकत घेतलंस. औषध आणलंस, बाटलीवरची चिठ्ठी वाचली नाहीस, आणि आता डॉक्टरला शिव्या.

पहिल्यांदाच फोन हातात घेतलेला माणूस असता, तर मी शेजारी बसून समजावलं असतं. तू सातपूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवतोस. नवा प्रोग्रॅम मशिनवर चढवलास की ड्राय रन घेतल्याशिवाय टूल जॉबला टेकू देत नाहीस. पहिला पीस मोजल्याशिवाय तुझ्याकडे दुसरा लागत नाही. ऑफसेटचा एक आकडा चुकला म्हणून त्या नव्या सेटरला सगळ्यांसमोर झापलंस. वर मलाच येऊन कौतुकाने सांगितलंस. त्याने केली ती चूक, आणि तू केलीस ती कंपनीची लूट? हा कुठला न्याय?

आणि "मला त्या सेटिंगमधलं काही कळत नाही" हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. दोन सिमं चालवायला तुला कोणी शिकवायला हवं होय रे? २०१० च्या सुमारास तुझ्या खिशात तो चिनी बनावटीचा दोन सिमचा डबा असायचा. एक नंबर वडिलांसाठी, एक आताच्या बायकोसाठी. वडिलांना पत्ता नव्हता, बाकी अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कोणत्या कार्डावर रात्री बोलणं स्वस्त, कोणत्यावर एसएमएस फुकट, कोणत्यातला बॅलन्स कधी संपतोय, सगळं तोंडपाठ. मिस कॉल कोणत्या नंबरवरून द्यायचा याचंसुद्धा शास्त्र होतं तुझं! दहा रुपयांच्या रिचार्जसाठी पळणारं ते डोकं आता कुठे गेलं? खिसा रिकामा होता तेव्हा कळत होतं. खिसा भरला तसं कळेनासं झालं. याला न कळणं म्हणत नाहीत. माज म्हणतात.

आता काय घडलं ते मी सांगते. तू फक्त मान हलव.

हॅनोव्हरला मशिनांच्या ईएमओ प्रदर्शनाला निघालास. कोणत्या हॉलमध्ये कोणाचा स्टॉल, कोणत्या डीलरला कधी भेटायचं, सगळं एक्सेलमध्ये मांडलंस. नकाशे छापून घेतलेस. फोन तेवढा भाच्यावर सोपवलास. त्याने कोड स्कॅन करून ई-सिम बसवलं आणि म्हणाला, "मामा, तिकडे उतरल्यावर फक्त सेटिंग करा." तू "हो हो" म्हणालास. कोणतं सेटिंग, विचारलंस? नाही. भाच्यासमोर अडाणी ठरायला नको. ही लाज बरीच महागात पडली, नाही का?

फ्रँकफर्टला उतरलास. "रोमिंग बंद ठेवायचं" एवढं कोणीतरी कानात घातलेलं. म्हणून दोन्ही लाइनींचं बंद केलंस. नेट लागेना. का लागेना, याचा अर्धा मिनिट विचार केलास? छे! वैतागलास आणि दोन्हींचं चालू करून टाकलंस. नेट लागलं. झालं, फोन खिशात. वर्कशॉपमध्ये फ्यूज उडाला तर तिथे तार गुंडाळून मशीन चालू करतोस का? करणाऱ्याला हाकलून देशील.

पुन्हा नववीच्या बाकावर बस. प्रत्येक सिममध्ये १५ आकड्यांची एक ओळख असते. तुझा दहा आकडी नंबर वेगळा, ही वेगळी. तिचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. जर्मनीचे २६२. स्वित्झर्लंडचे २२८. जर्मन टॉवरला ४०४ दिसलं की तो समजतो, पाहुणा आलाय. मग तो भारतातल्या तुझ्या कंपनीकडे चौकशी करतो, हा तुमचा का, याचा खर्च तुम्ही भरणार का. कंपनी म्हणते, आमचाच, भरतो. ती कोणाच्या खिशातून भरणार, ते तुला बिल बघून कळलंच. यालाच रोमिंग म्हणतात. आता मला सांग, तुझं ते प्रवासाचं ई-सिम तरी जर्मनीचं होतं का? असली सिमं विकणारे बहुतेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची ओळख तुझ्या फोनमध्ये घालतात. म्हणजे जर्मनीत तेही पाहुणंच. त्याचं रोमिंग चालू ठेवावंच लागतं, आणि ते ठेवायला भ्यायचं कारण नाही, कारण पैसे आधीच मोजलेले असतात. बंद करायचं ते भारतीय सिमचं डेटा रोमिंग. दोन लाइनी, दोन वेगळी बटणं. तू "रोमिंग बंद" हे अर्धं वाक्य घेऊन युरोपात गेलास. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास, दुसरं काय!

आणखी एक तिसरं बटण असतं. एका लाइनीचा डेटा अडला तर फोनने आपणहून दुसरीचा वापरावा, याची परवानगी देणारं. नाशिकला ते उपयोगाचं आहे, म्हणून चालू होतं. परदेशात तेच बटण म्हणजे घरभेदी. ते तू पाहिलंसुद्धा नाहीस.

हॅनोव्हरमध्ये पाच दिवस काही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं झालं असतं. मग तू आणि बायको रेल्वेने निघालात, फ्राइबुर्ग मागे टाकून बाझेलला. तुझ्या ई-सिमच्या पॅकची यादी मी काल भिंग घेऊन वाचली. ३० देश आहेत. युरोपीय संघाचे २७, वर नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन. नखाएवढं लिख्टेनस्टाइन आहे, त्याला खेटून असलेलं स्वित्झर्लंड नाही. का नाही, सांग. येत नाही ना? संघाच्या देशांत रोमिंगचा जादा आकार १५ जून २०१७ पासून गेला. ते तीन शेजारीही त्या सोयीत आहेत. स्वित्झर्लंड संघात नाही आणि त्या तिघांच्या आर्थिक क्षेत्रातही नाही. १९९२ मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून नको म्हणून सांगितलं. काही पॅकमध्ये विकणारे स्वित्झर्लंड वेगळं घालतात, काहींत घालत नाहीत. तुझ्यात घातलं नव्हतं. हे कळायला वर्गात पहिला यावं लागत नाही. यादी वाचावी लागते. नव्या मशिनच्या कोटेशनमधली बारीक अक्षरं तू तीनदा वाचतोस. इथे डोळ्यांना काय झालं होतं?

त्यात गाठ बाझेलशी. मला हे शहर फार आवडतं, अजून नकाशातच पाहिलंय म्हणा. जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड तिघंही तिथे एकमेकांच्या अंगणात. बाडिशर बानहोफ नावाचं स्टेशन स्वित्झर्लंडच्या जमिनीवर, चालवतात जर्मन रेल्वेवाले. विमानतळ बाझेलचा, पण जमीन फ्रान्सची. माणसालाच कळत नाही आपण कोणाच्या हद्दीत आहोत. टॉवरचे तरंग काय शिपायाला पासपोर्ट दाखवून जातात? तुझ्या ई-सिमने मुकाट्याने मान टाकली. फोन आज्ञाधारक. मालकाने सांगून ठेवलंय, एक लाइन गेली तर दुसरी धर. त्याने धरली. दुसरीचं डेटा रोमिंग मालकानेच चालू ठेवलेलं. आणि त्या मिनिटापासून प्रदर्शनात काढलेले तुझे शेकडो फोटो आणि मशिनांचे व्हिडिओ भारतीय सिमवरून क्लाउडवर चढायला लागले.

मोबाइलवर मेसेज आला असेल. आलाच होता. अमुक देशात स्वागत, डेटाचा दर तमुक. "बाई, इतके मेसेज येतात, कोण वाचत बसतं?" व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभाताच्या फुलांना रोज हात जोडून उत्तर देतोस ना? मला रोज येतं तुझं. त्याला वेळ आहे. आणि मग युंगफ्राऊयोखला, ३,४५४ मीटरवर, बायकोला बर्फात उभं करून घरी व्हिडिओ कॉल लावलास. वर फुशारकी, "बघा, आल्प्समध्येसुद्धा काय रेंज आहे!" कोणाची रेंज रे, राजा? कोणत्या लाइनीवर नेट चालू आहे ते फोनच दाखवत होता. बघायचं होतं कोणाला?

इथवर मी माफ केलं असतं. पैसे तुझे, हौस तुझी.

पण इंटरलाकेनच्या हॉटेलात मर्यादेचा इशारा आला, आणि तू काय केलंस? घाबरून भारतीय सिमच उपटलंस. बायकोच्या कानातल्याच्या दांडीने! अरे गाढवा, ई-सिमला खाच लागते का? कोणाला जागा करून द्यायला सिम काढलंस? डेटाचं एक बटण बंद केलं असतंस तर ते सिम फोनमध्येच सुखाने नुसतं पडून राहिलं असतं. आलेला एसएमएस घ्यायला सहसा पैसे लागत नाहीत. कॉल आला आणि उचलला तर लागतात, तर नसता उचलायचा. व्हॉट्सॲप तर जुन्याच नंबरवर कोणत्याही नेटवर चालतं. पण नाही. नॅनो सिम केवढं असतं माहीत आहे? १२.३ मिलिमीटर लांब, ८.८ रुंद. मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस तू, आणि तेवढी वस्तू सुट्या फ्रँकच्या नाण्यांबरोबर पाकिटात टाकलीस. कुठल्या स्टेशनवर कॉफीचे पैसे देताना पडलं, ते तुला अजून आठवत नाही.

दोन दिवसांनी पगाराची तारीख होती.

नेट बँकिंग उघडलंस, रकमा भरल्यास, आणि ओटीपी गेला त्या सिमवर, जे एव्हाना कुठल्यातरी स्विस झाडूवाल्याच्या सुपलीत होतं. खात्याची चावी दुसऱ्या कोणाकडेही द्यायची नाही ही तुझी जुनी खोड. बारा माणसांचे पगार अडले. तू परत आलास, दुकानात जाऊन अंगठा देऊन नवं सिम घेतलंस, तर त्यावर २४ तास एसएमएस बंद. तो नियम आहे, कोणी चोरीच्या सिमने खाती धुऊन नेऊ नयेत म्हणून. त्यावरही चिडलास म्हणे. दुकानातल्या पोरीवर आवाज चढवलास. तिचा काय दोष होता? तुझ्या त्या सेटरने घरभाडं थकलं म्हणून उसने पैसे घेतले, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मला सांगितलं, कारण त्याची आई माझ्या ओळखीची आहे. ऑफसेटचा आकडा चुकला म्हणून ज्याला झापलंस, तोच तो.

आता मान खाली घालून उपयोग नाही. वर बघ.

मी म्हातारी काय उगीच बडबडते, असं वाटत असेल तर ऐक. गेल्या हिवाळ्यात टोरांटोला लेकीकडे चार महिने राहून आले. वय ६८. जाण्याआधी आठवडाभर कागद घेऊन बसले. फोनमध्ये लाइनींना नावं देता येतात. मी एकीला "भारत" दिलं, एकीला "लेक". तुझ्या फोनमध्ये अजून "प्रायमरी" आणि "सेकंडरी" आहे, मघाशीच पाहिलं. वर्कशॉपमधल्या प्रत्येक मशिनला बारसं करून नाव ठेवतोस तू! भारतावर डेटा बंद, फक्त मेसेज घ्यायचे. लेकीवर नेट. सगळे नंबर पुढे +९१ लावून पुन्हा साठवले, नाहीतर तिथून लावलेला फोन भलतीकडेच जातो. घरातल्या घरात ड्राय रनसुद्धा घेतला. भारताचा डेटा बंद करून वायफायवर दिवस काढला, काय अडतं ते लिहून ठेवलं. हा तुझाच शब्द, ड्राय रन. तुझ्याकडूनच ऐकला होता.

चुकले मीही. न उचललेला कॉल घरच्या लँडलाइनवर वळवायची जुनी सोय चालू राहिली होती. म्हणजे नाशिकचा कॉल आधी कॅनडापर्यंत माझ्यामागे यायचा, मी उचलला नाही की तिथून उलटा नाशिकला. एक न उचललेला कॉल, भाडं जायचं आणि यायचं. बिल बघून तोंड कडू झालं. मग शोधलं, तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश एवढं दाबून कॉल लावला की सगळी वळणं रद्द होतात. निघण्याआधी दहा सेकंदांचं काम. माझा गाढवपणा. पण "लुटलं, लुटलं" करत मी कोणाच्या दारात गेले नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. तुझं बिल ऐकून घ्यायला मी तुला बोलावलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझी आई अमेरिकेत तुझ्या बहिणीकडे बाळंतपणाला गेली होती. जावयाने तिथलं सिम घातलं, नाशिकचं काढलं. आईंनी ते देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीत बांधून पर्समध्ये जपलं. फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा होती. कोणी बसवलं नाही. रिचार्ज मारत राहण्याचं तू कबूल केलं होतंस. किती वेळा मारलास? एकदाही नाही. "सिम वापरातच नाही, तर पैसे कशाला घालवायचे?" हे तुझं व्यवहारज्ञान. ट्रायचा नियम आहे, प्रीपेड नंबरावर ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये असते, तर तेवढे कापून नंबर महिनाभर आणखी जगला असता. वीस रुपये! वडापाव किती रुपयांना मिळतो रे आता?

नंबर मेला. मेलेले नंबर काही काळ रिकामे ठेवतात, मग दुसऱ्याला देऊन टाकतात. आईचा नंबर दुसऱ्याला गेला. त्या परत आल्या तेव्हा बँक, पेन्शन, गॅस, आधार, सगळीकडे तोच नंबर लावलेला, आणि ओटीपी जातायत परक्याच्या फोनवर. दोन महिने फॉर्म घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. एकदा मीच होते बरोबर. पण त्यांना रडू बँकेपायी आलं नाही. तुझ्या वडिलांनी त्यांना स्वतः जाऊन घेऊन दिलेला नंबर होता तो. शेवटचे चार आकडे त्यांच्या लग्नाची तारीख. तुला हे माहीत नव्हतं? त्यांनी तुला सांगितलं नाही. म्हणाल्या, "त्याला कामाचा ताण असतो." तुझा ताण! सुप्रभाताच्या फुलांचा.

नोव्हेंबरात त्या पुन्हा जातायत. सहा महिने. नवा फोन जावयाने तिकडून पाठवलाय. तो तिकडच्याच एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, विचारलंस? त्याला सिमची खाच आहे का, पाहिलंस? अमेरिकेत आयफोन १४ पासून खाचच काढून टाकलीय, हे ठाऊक आहे? म्हणजे नाशिकचा नंबर ई-सिम करून घ्यावा लागेल, आणि तो आदल्या रात्री करायचा नसतो. त्यातही एसएमएस बंद राहण्याचे ते २४ तास आहेतच. आणि परदेशातलं रोमिंग कंपनीकडून आधी चालू करून घेतलं नाही तर ओटीपी तिकडे पोचायचेच नाहीत. सेवा चालू, फोनमधलं डेटा रोमिंग बंद. दोन्ही लागतं. पुन्हा अर्धं हळकुंड लावून मोकळा होऊ नकोस.

हे भाच्याने करायचं नाही. जावयाने नाही. मीही करणार नाही. उद्या संध्याकाळी आईला आणि त्यांच्या फोनला घेऊन इथे ये. वही आण. रिचार्जच्या तारखा तुझ्या अक्षरात लिहायच्या, त्यांच्या समोर बसून. त्यांना बटणं त्यांच्या हातांनी दाबू द्यायची. "आई, राहू दे, मी करतो" म्हणालास तर मी बोटांवर पट्टी मारीन. पट्टी अजून आहे, कपाटात.

आता तुझा फोन काढ. सेटिंगमध्ये जा. "प्रायमरी" खोड, तिथे नीट नाव लिही. लिहिलंस? आता तिचं डेटा रोमिंग कुठे आहे ते शोध. माझ्याकडे नको बघूस, फोनकडे बघ. सापडत नाही तर पुन्हा शोध. चहा थांबलाय, तो कुठे जात नाही.

ए, भाच्याला फोन लावायचा नाही. ठेव तो खाली.